साकळलेले दूध आणि करडाचा वाटा

शेळीच्या दुधाचे चीज घरी करण्याची कृती साधी आहे. ताजे दूध 20 ते 25 अंश सेल्सिअसच्या आसपास कोमट ठेवून त्यात दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे विरजण घालतात, मग काही लिटर दुधाला रेनेटचे मोजके थेंब पाण्यात मिसळून ढवळतात, आणि भांडे रात्रभर किंवा पूर्ण दिवसभर न हलवता ठेवून देतात; साकळलेले दूध नंतर मलमलच्या फडक्यात बांधून, श्रीखंडासाठी चक्का टांगतात तसे टांगले जाते, आणि पाणी निथळले की त्याला मीठ लावतात. फ्रान्समधील लोआर नदीच्या खोऱ्यात होणारी व्हालाँसे किंवा सेंत-मोर यांसारखी प्रसिद्ध चीजे मुळात याच पद्धतीची आहेत, आणि ती आतून शुभ्र दिसतात याचे कारण असे की शेळी चाऱ्यातील कॅरोटिन या पिवळ्या द्रव्याचे जवळजवळ पूर्णपणे जीवनसत्त्व अ मध्ये रूपांतर करते, त्यामुळे ते दुधात उतरत नाही. या साऱ्या कृतीत तत्त्वचिंतकाचे लक्ष वेधून घेणारा घटक एकच आहे, तो म्हणजे रेनेटचे ते थेंब. रेनेट हे दूध साकळवणारे द्रव्य असून परंपरेने ते दूधपित्या करडाच्या किंवा वासराच्या जठराच्या चौथ्या कप्प्यातून काढले जाते, आणि ते काढण्यासाठी त्या पिलाला मारावे लागते. दुधाच्या मानाने त्याचे प्रमाण नगण्य असते, तयार चीजमध्ये त्याची चव लागत नाही, डोळ्यांना ते दिसत नाही. तरीही अशा चीजला त्याचा घट्ट, सलग पोत मिळतो तो त्याच्यामुळे. मग प्रश्न असा उभा राहतो की एखाद्या वस्तूच्या घडणीत ज्याचा वाटा वजनाने शून्यवत आहे पण कार्याने निर्णायक आहे, त्याचा हिशेब धर्मविचाराने कसा मांडावा. आणि त्याच्या आधीचा प्रश्न असा की दुधाचे रूप पालटते तेव्हा ते पालटणारे खरे कारण कोणते, दूध की बाहेरून आलेला थेंब?

दुसऱ्या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे, कारण कार्य आणि कारण यांचा संबंध तपासताना दूध आणि दही हे उदाहरण जवळजवळ प्रत्येक पक्षाने हाताशी ठेवले होते. सांख्य दर्शन सत्कार्यवादी आहे, म्हणजे कार्य हे उत्पन्न होण्यापूर्वीच आपल्या कारणात अव्यक्त रूपाने असते असे ते मानते. दही दुधात आधीपासूनच आहे, विरजण त्याला केवळ प्रकट करते, आणि म्हणूनच पाण्याला विरजण लावून दही मिळत नाही. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांना हे मान्य नाही. त्यांच्या आरंभवादाप्रमाणे कार्य ही पूर्वी नसलेली, नव्याने आरंभ पावलेली वस्तू असते: दुधाच्या अवयवांची जुनी रचना मोडते, त्या रचनेबरोबर दूध नावाचे द्रव्य नष्ट होते, आणि त्याच अवयवांच्या नव्या मांडणीतून दही नावाचे वेगळे द्रव्य जन्माला येते. दुसऱ्या शतकाच्या सुमारास नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेत या दोन्ही वाटा अडवल्या. दूधच जर दही होत असेल तर दूध असतानाच ते दही म्हणावे लागेल, आणि दुधाहून निराळे काही दही होत असेल तर ते निराळे म्हणजे काय हे कोणालाच सांगता येणार नाही, असा त्याचा आक्षेप होता, आणि त्याचा रोख वस्तूला स्वतःचा असा स्थिर स्वभाव असतो या समजुतीवरच होता.

प्रस्तुत चर्चेला सर्वांत जवळचा ठरतो तो ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील एक छोटा वाद. कुंभाराला घडा करण्यासाठी माती, चाक, दोरी अशी साधने गोळा करावी लागतात, मग एकटे ब्रह्म कोणत्याही साधनाशिवाय जग कसे निर्माण करील, असा आक्षेप तेथे घेतला जातो, आणि सूत्रकार दुधाचा दाखला देऊन त्याचे उत्तर देतात. शंकराचार्यांच्या भाष्यात आक्षेपक तेवढ्यावर थांबत नाही. दुधालाही दही होण्यासाठी उष्णता आणि इतर बाह्य साहाय्य लागतेच ना, असे तो विचारतो. त्यावर आचार्यांचे म्हणणे असे की दूध आपल्या सामर्थ्यानेच बदलते, बाहेरचे साधन त्या बदलाला गती आणि पूर्णता देते. दुधात मुळात ते सामर्थ्य नसते तर उष्णतेने काहीही साधले नसते, कारण वायूला किंवा आकाशाला कितीही तापवले तरी त्याचे दही होत नाही. युक्तिवाद भक्कम आहे आणि त्याचे सौंदर्य नाकारता येत नाही. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की दुधाचे सामर्थ्य हे केवळ दुधाचे, स्वयंपूर्ण, इतर कशाशीही नाते नसलेले सामर्थ्य आहे. दह्याच्या उदाहरणात हे गृहीत खटकत नाही, कारण दह्याचे विरजण म्हणजे आदल्या दिवशीचे दहीच असते. दुधातून आलेले दुधालाच लावले जाते आणि बाहेरचे असे फारसे काही जाणवत नाही. रेनेटच्या उदाहरणात मात्र विरजण एका तिसऱ्याच ठिकाणाहून, एका जिवाच्या देहातून येते, आणि तेथे या गृहीताची परीक्षा घ्यावी लागते.

ती घेण्यासाठी दूध साकळते म्हणजे नेमके काय होते हे पाहिले पाहिजे. दुधातील केसिन नावाची प्रथिने एकटी विखुरलेली नसून त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके असतात. या पुंजक्यांच्या पृष्ठभागावर कप्पा-केसिन या प्रथिनाचे केसासारखे बाहेर आलेले टोक असते, आणि त्या टोकांमुळे पुंजके एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून दूध पातळ राहते. रेनेटमधील कायमोसिन हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे पण त्या क्रियेत स्वतः खर्च न होणारे प्रथिन, नेमक्या एका ठिकाणी कप्पा-केसिनला छेद देते. ते टोक गळून पडते, उघडे पडलेले पुंजके कॅल्शियमच्या साहाय्याने एकमेकांना धरतात, आणि त्यांच्या जाळ्यात स्निग्धांश आणि पाणी अडकून दुधाचा थर जमतो. विकर खर्च होत नसल्यामुळे त्याचा एक कण असंख्य पुंजक्यांवर काम करू शकतो. काही थेंब पुरतात ते त्यामुळेच. अवयव तेच, मांडणी नवी, हे नैयायिकांचे वर्णन येथे आश्चर्य वाटावे इतके नेमके ठरते, आणि तरीही सांख्यांचे म्हणणे खोडले जात नाही, कारण छेद घेण्याजोगे ते ठिकाण दुधात आधीपासून नसते तर कायमोसिनला करण्यासारखे काही उरले नसते.

परंतु ते ठिकाण दुधात का आहे, हा प्रश्न दोन्ही दर्शनांच्या पुढचा आहे. करडू आईला पिते तेव्हा ते दूध त्याच्या जठरात याच कायमोसिनने साकळते, आणि साकळल्यामुळे ते पुढे वेगाने वाहून न जाता जठरात रेंगाळते व सावकाश पचते. शेळीच्या कासेतले दूध आणि करडाच्या जठरातले विकर ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत. एक दुसऱ्यासाठीच घडले आहे. घरच्या भांड्यात चीज जमते तेव्हा जे घडते ते म्हणजे करडाच्या पोटात घडायची ती क्रिया, करडाशिवाय आणि करडाच्या पोटाबाहेर. शंकराचार्यांनी दुधाला दिलेले सामर्थ्य खरे आहे, पण ते एकट्या दुधाचे नाही. ते आई आणि पिलू यांच्यातील नात्याचे सामर्थ्य आहे, आणि दूध हा त्या नात्याचा वाहता भाग आहे. सांख्यकारिकेत ईश्वरकृष्णाने याच वस्तुस्थितीचा वेगळा उपयोग केला आहे. अचेतन प्रकृती पुरुषाच्या मोक्षासाठी कशी प्रवृत्त होते हे समजावताना, वासराच्या वाढीसाठी आपोआप स्रवणाऱ्या अचेतन दुधाचा दृष्टांत तो देतो. दूध कशासाठी आहे, हे त्या दृष्टांतात वादाचा विषयच नाही. ते वासरासाठी आहे, हे उघड सत्य म्हणून घेतलेले आहे. सत्कार्यवादाची चर्चा करताना मात्र हेच दूध कारणतेचे निर्विकार उदाहरण बनते आणि वासरू दृष्टीआड होते, ही त्या परंपरेतील एक उणीव मानली पाहिजे.

ग्रीक विचारातही वेगळ्या मार्गाने अशीच उणीव राहिली. प्राण्यांच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात ॲरिस्टॉटल गर्भधारणेची तुलना दूध साकळण्याशी करतो: नराचे बीज रेनेटप्रमाणे किंवा अंजिराच्या चिकाप्रमाणे आकार देणारे तत्त्व, आणि मादीने पुरवलेले द्रव्य दुधाप्रमाणे आकार घेणारे. यात दूध केवळ निष्क्रिय द्रव्य ठरते आणि कर्तृत्वाचे सारे श्रेय थेंबाला जाते. शंकराचार्यांनी जेथे सर्व काही दुधाला दिले तेथे ॲरिस्टॉटलने सर्व काही रेनेटला दिले, आणि दोघांनीही ज्या प्राण्यात हे दोन्ही एकत्र येतात त्याच्याकडे पाहिले नाही.

ज्या परंपरेने त्या प्राण्याकडे थेट पाहिले ती यहुदी धर्मशास्त्राची परंपरा. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तोरा या मूळ धर्मग्रंथात तीन वेळा येते, आणि तिच्यावरून मांस व दूध यांच्या पूर्ण विभक्तीचा आचार विकसित झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाचा फिलो याने तिचा अर्थ करुणेच्या अंगाने लावला, कारण जिवंत पिलाला पोसणारी वस्तूच त्या पिलाच्या मृत देहाची चव वाढवण्यासाठी वापरणे त्याला अघोरी वाटले. बाराव्या शतकातील मायमोनिडीझने मात्र त्यामागे परधर्मीयांच्या विधींपासून दूर राहण्याचा हेतू पाहिला. शेळीच्या दुधात करडाच्या जठराचे रेनेट घालून केलेले चीज या आज्ञेच्या अगदी उंबरठ्यावर उभे राहते, आणि तिसऱ्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथापासूनच हा प्रश्न चर्चेत आहे. सामान्य नियम असा की निषिद्ध पदार्थ अनुज्ञेय पदार्थात चुकून मिसळला आणि तो एकूण प्रमाणाच्या साठाव्या हिश्शाहून कमी असला तर तो लुप्त झाला असे समजतात. रेनेटचे प्रमाण त्याहूनही कितीतरी कमी असते, म्हणून ते सहज लुप्त ठरायला हवे होते. पण धर्मशास्त्रकारांनी येथे अपवाद केला: ज्या द्रव्यामुळे पदार्थ उभा राहतो, ज्याच्यावाचून तो पदार्थ तो पदार्थच झाला नसता, ते प्रमाण कितीही अल्प असले तरी लुप्त होत नाही. म्हणूनच विधिवत न मारलेल्या प्राण्याच्या जठराने साकळवलेले चीज संपूर्ण निषिद्ध ठरते. विधिवत मारलेल्या प्राण्याचे जठर वापरले असेल तर मात्र निकष बदलतो. तेथे मांसाची चव उतरली की नाही एवढेच पाहतात, कारण त्या प्रसंगी जठर आणि दूध ही दोन्ही स्वतंत्रपणे अनुज्ञेय असतात आणि दोष असला तर केवळ त्यांच्या मिश्रणात असतो.

या अपवादाचे तात्त्विक मोल फार मोठे आहे, आणि ते त्या विशिष्ट आचाराच्या बाहेरही लागू पडते. कारणाचे वजन आणि कारणाचे महत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे येथे विधीच्या भाषेत सांगितले गेले आहे. आधुनिक खाणाऱ्याची स्वाभाविक प्रवृत्ती उलट दिशेची असते: इतक्या थोड्या रेनेटने काय बिघडते, एका जठरातून कितीतरी चीज होते, मग एका तुकड्याच्या वाट्याला त्या मृत्यूचा किती अंश येतो, असा भागाकार तो करतो आणि उत्तर शून्याजवळ आले की निश्चिंत होतो. हा भागाकार चुकीचा आहे. मृत्यू ही विभाज्य राशी नाही, आणि ज्या घटकाशिवाय ते चीज घडलेच नसते तो घटक प्रत्येक तुकड्यात पूर्णपणे उपस्थित असतो.

रेनेटला पर्याय आहेत, आणि ते जुनेही आहेत. अंजिराचा चीक ॲरिस्टॉटलच्या काळीही माहीत होता. पोर्तुगालमध्ये सेरा दा एस्ट्रेला हे मेंढीच्या दुधाचे चीज आजही रानटी आर्टिचोकच्या वाळलेल्या फुलांनी साकळवतात. भारताच्या वायव्य भागात पनीरडोडी या झुडपाच्या फळांचा तसा उपयोग होत आला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुरशीपासून मिळवलेली विकरे प्रचारात आली, आणि 1990 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वासराच्या कायमोसिनचे जनुक सूक्ष्मजीवात घालून तयार केलेल्या कायमोसिनला मान्यता दिली. या शेवटच्या पर्यायात एक सूक्ष्म प्रश्न दडला आहे: रचना वासराचीच, पण वासरू नाही, तर ते द्रव्य प्राणिज म्हणावे की नाही? कारणाचा धागा देहापर्यंत पोहोचत नाही, केवळ देहाच्या आराखड्यापर्यंत पोहोचतो, आणि कोणत्याही पिलाला त्यासाठी मरावे लागत नाही, म्हणून ते शाकाहारी मानण्यात तर्कदोष नाही. पण हे मान्य केल्यावर अनेकांना प्रश्न संपला असे वाटते, आणि नेमके तेथेच थांबता येत नाही. रेनेट बदलले तरी दूध बदललेले नसते. बुरशीच्या विकराने किंवा लिंबाच्या रसाने जमवलेले दूधही ज्या करडासाठी आले होते त्याच करडाचे असते.

धर्मसूत्रांना आणि स्मृतींना ही बाजू ठाऊक होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आंबलेले पदार्थ वर्ज्य सांगून त्यांतून दही आणि दह्यापासून होणारे पदार्थ वगळले आहेत, म्हणजे दूध आंबवण्याला हरकत नाही. हरकत आहे ती व्यायलेल्या गाईच्या पहिल्या दहा दिवसांच्या दुधाला आणि वासरू नसलेल्या गाईच्या दुधाला. गौतमाच्या धर्मसूत्रात दहा दिवसांची ही मर्यादा शेळी आणि म्हैस यांनाही लावली आहे. टीकाकार याचा विचार मुख्यतः शुद्धी आणि सुतक यांच्या अंगाने करतात हे खरे, तरी दुधाची ग्राह्यता पिलाच्या अस्तित्वाशी बांधली गेली आहे हे नजरेआड करता येत नाही. महाराष्ट्रात चिकाचा, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधाचा, खरवस आवडीने खाल्ला जातो आणि शेजारीपाजारी वाटला जातो, तेव्हा हा जुना निर्बंध किती सहज विस्मरणात गेला हे दिसते. चिकातील रोगप्रतिबंधक द्रव्ये पहिल्या काही तासांत पिलाच्या रक्तात पोहोचणे अत्यावश्यक असते, हे आज पशुवैद्यकाला माहीत असल्यामुळे तो निर्बंध पूर्वीपेक्षा अधिक सार्थ झाला आहे.

शेळीच्या दुधाविषयीचा आधुनिक भारतातील सर्वांत गंभीर आत्मसंवाद महात्मा गांधींचा आहे. गाई-म्हशींचे दूध शेवटपर्यंत काढून घेण्यासाठी कलकत्त्यात केल्या जाणाऱ्या फुंक्यासारख्या क्रूर प्रकारांची माहिती वाचल्यावर त्यांनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर हर्मन कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. 1918 मध्ये गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या काळात ते मरणाच्या दारात पोहोचले, आणि पुढे मुंबईत उपचार चालू असताना डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाला हरकत नसावी असे सुचवले. गांधींनी ते स्वीकारले, आणि आत्मकथेत स्पष्ट लिहून ठेवले की व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस असली तरी व्रताचा आशय सर्व दुधाला लागू होता. अक्षर पाळले गेले, आत्मा पाळला गेला नाही. या कबुलीत वर पाहिलेला सारा वाद एका माणसाच्या जीवनात उतरलेला दिसतो. शेळीवर फुंका केला जात नव्हता, म्हणजे व्रताचे तात्कालिक कारण शेळीला लागू नव्हते. तरीही गांधींनी त्या सबबीचा आश्रय घेतला नाही, कारण दूध हा माणसाचा नैसर्गिक आहार नाही हा मूळ आक्षेप शेळीच्या बाबतीतही तितकाच उभा होता. त्यांनी दूध घेतले, आणि घेणे निर्दोष आहे असे मात्र म्हटले नाही. धर्मविचारात ही भूमिका दुर्मीळ आहे, आणि घरात चीज करणाऱ्यालाही तिच्याहून प्रामाणिक भूमिका घेता येईल असे वाटत नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात हा प्रश्न रेनेटच्या बाटलीवरच्या हिरव्या ठिपक्याने सुटत नाही. महाराष्ट्रातील उस्मानाबादी शेळी मुख्यतः मांसासाठी पाळली जाते आणि तिला जुळी होण्याचे प्रमाण चांगले असते. संगमनेरी शेळी दूध आणि मांस या दोन्हींसाठी ठेवली जाते. दोन्हींच्या करडांपैकी निम्म्याच्या आसपास नर असतात, त्यांपैकी पैदाशीसाठी फार थोडे लागतात, आणि उरलेल्यांचा शेवट बहुधा बाजारात होतो. ज्या घरात दुधासाठी शेळ्या ठेवल्या आहेत त्या घरात शेळी पुन्हा पुन्हा व्यायली तरच दूध चालू राहते, म्हणून बुरशीचे विकर वापरणाऱ्या घरातही बोकडांचा प्रश्न तसाच उभा राहतो. अशा चीजला शाकाहारी म्हणता येईल, अहिंसक म्हणता येणार नाही. यावर जे करता येते ते मर्यादित पण ठोस आहे. चीक पूर्णपणे करडांना सोडता येतो. पहिले काही आठवडे करडे दिवसभर आईजवळ ठेवून केवळ रात्री वेगळी करता येतात, आणि सकाळी कासेत साठलेल्या दुधातून आपला वाटा घेऊन उरलेले त्यांना पाजता येते. नर करडांसाठी चारा आणि जागा आधीच राखून ठेवता येते, आणि ती नसेल तर शेळ्यांची संख्या वाढवण्यापूर्वी थांबता येते. अशा घरात चीज कमी होते, आणि किती कमी व्हावे हे करडे किती प्याली यावर ठरते.